वर्षातनं चारच दिवस पडणाऱ्या पावसात सायकल कशी चालवायची

जिथं वर्षातले दहा-अकरा महिने आभाळ कोरडं ठणठणीत असतं तिथल्या सायकलवाल्यांना पावसाचं काही वाटत नाही, उलट पहिले थेंब पडले की अंगात येतं आणि मुद्दाम सायकल बाहेर काढली जाते. मी पण हेच करायचो. एकदा झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर पुढचं चाक असं सटकलं की मी खाली कधी पोचलो ते कळलंच नाही, पाऊस म्हणाल तर नुसती भुरभुर होती, कपडे पण धड भिजले नव्हते. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की कोरड्या भागातला थोडासा पाऊस हा पावसाळी भागातल्या धो धो पावसापेक्षा सायकलवाल्याला जास्त आडवा येतो, कारण तिथला रस्ता, आपली सायकल, शेजारून जाणारे गाडीवाले आणि आपण स्वतः, सगळेच कोरड्याला सरावलेले असतो.

आधी रस्त्याचं बघू. महिनोन् महिने पाऊस नसला की रस्त्यावर गाड्यांचं गळलेलं ऑइल, डिझेलची काजळी, टायर घासून पडलेली रबराची भुकटी आणि वर बारीक धूळ असा थर साचत राहतो. पावसाळी भागात तो दर आठवड्याला धुऊन जातो, इथं धुवायलाच कोणी नाही. मग थोडंसं पाणी पडलं की त्याचं साबणासारखं बुळबुळीत मिश्रण होतं. थोडंसं हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण जोरात आणि सलग पाऊस झाला तर हा थर वाहून जातो आणि रस्ता बराच सुधारतो, पण नुसती भुरभुर पडून थांबली तर तो थर तिथंच राहतो आणि ओला राहतो. म्हणून माझा पहिला नियम आहे की मोठ्या खंडानंतरचा पहिला पाऊस सुरू झाला की निदान अर्धा तास बाहेर पडायचं नाही. बाहेर असलो तर कुठंतरी छपराखाली थांबायचं आणि वास घेत बसायचं. तो मृद्गंध पण या कोरडेपणाचाच आहे बरं का, कोरड्या दिवसांत झाडांतनं निघणारी तेलं माती-दगडांत मुरत राहतात आणि ओल आली की वास सुटतो. इसाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी 1964 मध्ये त्याला पेट्रिकोर असं नाव दिलं. असो, वासावर लिहायला बसलो तर सायकल राहून जाईल.

अर्धा तास थांबला तरी काही जागा पूर्ण वेळ घसरड्याच राहतात. रंगवलेले पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं, रेल्वेचे रूळ, पुलाच्या सांध्यावरच्या लोखंडी पट्ट्या, गुळगुळीत फरशी, आणि सिग्नलपाशी जिथं गाड्या उभ्या राहून ऑइल गाळतात तो लेनचा मधला भाग. यांच्यावरनं जायचंच असेल तर सायकल सरळ ठेवा, ब्रेक लावू नका, हँडल वळवू नका, पायडल पण जोरात मारू नका, नुसतं तरंगत पलीकडे जा. रूळ शक्यतो काटकोनात ओलांडायचे, तिरके गेलात तर चाक रुळाच्या खोबणीत अडकतं आणि मग तुमच्या हातात काही उरत नाही. डबकं टाळता येत असेल तर टाळाच, कारण कालपर्यंतचा खड्डा आज पाण्याखाली सपाट दिसतो, आणि कोरड्या भागातल्या गटारांत वाळू-कचरा भरलेला असल्यामुळं डबकी भलत्याच ठिकाणी होतात. पण टाळताना मागं न बघता एकदम गाडी आडवी घालू नका.

आता ब्रेक, कारण बहुतेक लोक इथंच फसतात. रिमवर, म्हणजे चाकाच्या धातूच्या कड्यावर, दाबणारे ब्रेक असतील तर ओल्या रिमवर रबर पहिल्यांदा नुसतं पाणी पुसतं, ब्रेक लागायला सुरुवात त्यानंतर होते, म्हणजे तुम्ही लिव्हर दाबला आणि सायकल जशीच्या तशी पुढं चालली आहे असा एक भयानक क्षण येतो. घाबरून आणखी जोरात दाबलं की तेवढ्यात रिम पुसली जाते, ब्रेक एकदम पकडतो आणि चाक लॉक होतं. यावर उपाय म्हणजे थांबायच्या बऱ्याच आधीपासनं ब्रेक हलका टेकवून ठेवायचा, चाकाचे चार-पाच फेरे होऊ द्यायचे आणि मग दाबायचा. लांब उतारावर तर अधूनमधून असं पुसत राहायचंच. डिस्क ब्रेकवाल्यांचं, म्हणजे चाकाच्या मध्यावरची चकती दाबणारा ब्रेक असेल त्यांचं, बरं असतं, पण डिस्क ब्रेक फक्त चाक थांबवतो, टायर रस्त्याला धरायचं काम त्याचं नाही, त्यामुळं डिस्क आहे म्हणून ओल्यात कोरड्यासारखा स्पीड ठेवू नका.

कोरड्यात आपण बहुतेक ब्रेकिंग पुढच्या ब्रेकवर करतो आणि ते बरोबरच आहे. ओल्यात पुढचा सोडायचा नाही, पण हात हलका ठेवायचा आणि मागच्यावर थोडा जास्त भार द्यायचा, कारण मागचं चाक घसरलं तर बऱ्याचदा सावरता येतं, पुढचं घसरलं की आपण थेट जमिनीवर. आणि सगळं ब्रेकिंग वळणाच्या आधी उरकायचं. वळणात ब्रेकला हात नाही, बाहेरच्या बाजूचा पाय खाली दाबून ठेवायचा, सायकल जेवढी उभी ठेवता येईल तेवढी ठेवायची. वळण नेहमीपेक्षा मोठं आणि हळू घ्यायचं, चार सेकंद जास्त गेले तर जाऊ देत.

टायरबद्दल एक गैरसमज फार आहे, की पाण्यात नक्षीवाला टायर लागतो नायतर सायकल पाण्यावर तरंगते. कारचं तसं होतं, कारण टायर रुंद, चपटा आणि स्पीड जास्त. सायकलचा टायर अरुंद आणि गोल असतो, हवा जास्त असते, नेहमीच्या स्पीडला तो पाणी कापून खाली जातोच. डांबरी रस्त्यावर गुळगुळीत टायर पण चालतो, खरा फरक रबराच्या मऊपणाचा आहे. आणि तिथंच कोरड्या भागात घोळ होतो, कारण ऊन आणि कोरडी हवा यांनी रबर कडक होतं, बाजूला बारीक तडे जातात, कोरड्यात ते कळतच नाही, पावसात मात्र पट्कन कळतं. तर टायरला नख लावून बघा, प्लॅस्टिकसारखं कडक लागत असेल किंवा तडे दिसत असतील तर नक्षी कितीही शाबूत असू दे, बदला. ब्रेकच्या रबराचं पण तसंच, वर चकाकी आली असेल तर पॉलिश पेपरनं घासा आणि आत रुतलेले खडे, धातूचे कण टाचणीनं काढा. हवा थोडी कमी ठेवा, म्हणजे 80 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरत असाल तर 70, त्यानं पकड वाढते. पार चपटा करू नका मात्र, खड्ड्यात रिमच्या कडेनं ट्यूब चावली जाते.

चेनची गंमत अशी आहे की कोरड्या धुळीच्या भागात शहाणी माणसं मेणाचं नायतर कोरडं लूब, म्हणजे वंगण, वापरतात, धूळ चिकटत नाही म्हणून. एका पावसात ते धुऊन जातं, चेन कुरकुरायला लागते आणि रात्रभर तशीच ठेवली तर सकाळी नारिंगी झालेली दिसते. पावसाळी भागातलं दाट, ओलं लूब घातलं तर पावसात टिकतं, पण दोन दिवसांनी ऊन पडलं की त्यावर धूळ बसून घासायची पेस्ट होते आणि ती चेन-चकत्या खाऊन टाकते. मी दोन्ही करून बघितलं. आता वर्षभर कोरडंच लूब ठेवतो आणि पावसातनं आलो की त्याच दिवशी चेन पुसून परत लूब लावतो. सलग चार दिवस पावसाचा अंदाज असेल तरच दाट लूब, आणि ऊन पडल्यावर चेन नीट धुऊन ते काढून टाकायचं. चार दिवसांसाठी अख्खी सायकल पावसाळी करून ठेवायची गरज नाही. प्लॅस्टिकचे काढता येणारे मडगार्ड मात्र जरूर घ्या, पाठीवर चिखलाची रेघ उमटते ते सोडून द्या, मागचं चाक तेच गढूळ पाणी सीटखाली आणि पुढचं चाक तेच चेनवर आणि पाण्याच्या बाटलीच्या तोंडावर उडवत असतं.

कच्च्या रस्त्यावर, विशेषतः चिकणमातीवर, पाऊस पडून गेला असेल तर जाऊच नका. ती माती टायरला थरावर थर चिकटते, फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुबेळक्यात, आणि मडगार्डमध्ये दाटते आणि पन्नास-शंभर मीटरमध्ये चाक फिरायचं बंद होतं. ढकलत नेली तरी तेच. अडकलातच तर जोर लावून पायडल मारू नका, गियरचा मागचा भाग मोडतो, सरळ उचलून खांद्यावर घ्या आणि गवत किंवा खडीच्या कडेनं चाला. काडीनं चिखल ओला असतानाच खरवडा, वाळला की विटेसारखा होतो. रेताड वाट मात्र थोड्या पावसानंतर उलट छान घट्ट होते, तिथं मजा करा.

आता जे खरंच जिवावर बेततं ते. कोरडे ओढे आणि त्यांच्यावरनं जाणारे खालचे रस्ते. उन्हानं भाजून कडक झालेली जमीन, झाडझाडोरा कमी, त्यामुळं पाणी मुरत नाही, सगळं एकदम धावतं. पाऊस लांब वरच्या बाजूला पडलेला असतो, तुमच्या डोक्यावर ऊन पण असू शकतं आणि तरी लोंढा येतो. साधारण 15 सेंटिमीटर जोरात वाहणारं पाणी मोठ्या माणसाला पाडू शकतं आणि 30 सेंटिमीटरमध्ये छोटी कार वाहून जाऊ शकते, तेव्हा घोट्याएवढंच तर आहे असं म्हणून सायकल घालू नका, पाण्याखाली रस्ता उरलाय का तेही दिसत नाही. थांबा, नायतर मागं फिरा. ओढ्याच्या पात्रात बसून पाऊस थांबायची वाट तर अजिबात बघू नका.

विजेचं पण तेच. वीज चमकली की मोजायला लागा, 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज साधारण 10 किलोमीटरच्या आत आहे, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं थांबा. एकट्या झाडाखाली नाही. रबरी टायर आहेत म्हणून सायकल सुरक्षित आहे हे ऐकीव आहे, विसरून जा. पावसाच्या आधी जो धुळीचा वारा सुटतो त्यात पण उतरून थांबलेलं बरं, डोळ्यांत माती आणि आडवा झोत, मागनं येणाऱ्याला तुम्ही दिसत पण नाही.

दिसण्यावरनं आठवलं, कोरड्या भागातल्या गाड्यांचे वायपर वापराविना उन्हात सुकलेले असतात, पहिल्या पावसात काचेवर नुसता चिखल फासला जातो आणि त्यातनं ड्रायव्हर तुमच्याकडं बघत असतो, म्हणजे बघतच नसतो. त्यामुळं दिवसा पण मागचा लाल लाइट चालू ठेवा, कपडे भडक घाला आणि त्यालाही ओल्यात ब्रेक मारायची सवय गेलेली आहे हे धरूनच चला.

कपड्यांचं म्हणाल तर कोरड्या उन्हात सुती कपडा छान असतो, घाम वाळताना गार वाटतं, पावसात नेमकं हेच उलटतं. सर थांबते, कोरडा वारा सुटतो, कपड्यांतलं पाणी भराभर वाळतं आणि अंगातली ऊब घेऊन जातं, उन्हाळ्यात सुद्धा दात वाजतात, आणि बोटं गार पडली की ब्रेक दाबायला पण येत नाही. जाड रेनकोटात आतनं घामानं भिजाल, त्यापेक्षा घडी करून खिशात मावणारी पातळ विंडचीटर बरी. डोळ्यांवर पाणी येऊ नये म्हणून हेल्मेटखाली छज्जावाली टोपी, गॉगल काळा नको, पारदर्शक हवा. मोबाईल झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत.

घरी आल्यावर आंघोळीच्या आधी सायकल, माझं तरी असं आहे, कारण आंघोळीनंतर कोणी उठत नाही. साध्या पाण्यानं वरनं हळू धुवा, प्रेशरचा पाइप बेअरिंगवर मारू नका, आतलं ग्रीस निघून पाणी शिरतं. रिम आणि ब्रेक पुसा, चेन पुसून लूब. सीट पोस्ट, म्हणजे सीटची दांडी, काढून सायकल थोडा वेळ उलटी ठेवा, फ्रेममध्ये शिरलेलं पाणी निथळतं, किती निघतं ते बघून आश्चर्य वाटेल. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे घाला, तासाभरानं बदला. आणि दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी दोन्ही टायर बोटांनी चाचपून बघा, पावसाच्या पाण्यानं कडेचे सराटे आणि काचेचे तुकडे रस्त्याच्या मधोमध आणलेले असतात, ओलं रबर कापलं पण लवकर जातं, आणि रुतलेला काटा चिमट्यानं काढायला दोन मिनिटं लागतात.