स्पेक्ट्रमवर कॅसेटवरून गेम लोड कसा करायचा

१९८२ चा ४८ के (४८ किलोबाइट मेमरीचा) झेडएक्स स्पेक्ट्रम, म्हणजे तो जुना घरगुती कॉम्प्युटर, हाती लागलाय ना, मग टेपरेकॉर्डरची वायर कॉम्प्युटरच्या इअर (EAR) सॉकेटला लावा, आवाज पाऊण ठेवा, 'J' चं बटण दाबा, एका बटणात अख्खा 'लोड' शब्द उमटतो, मग सिम्बॉल शिफ्ट धरून दोनदा 'P' (म्हणजे दोन अवतरणचिन्हं), एंटर, आणि टेप चालू. आधी स्क्रीनच्या कडेच्या बॉर्डरवर लाल-आकाशी जाड पट्टे सरकतात, मग निळे-पिवळे बारीक पट्टे थरथरायला लागले की डेटा येतोय, टेबलाला धक्काही लावू नका! एरर आली तर बारीक स्क्रूड्रायव्हरने टेपरेकॉर्डरच्या हेडचा (टेप वाचणाऱ्या भागाचा) स्क्रू किंचित फिरवायचा, आवाज सगळ्यात खणखणीत येईल तिथे थांबायचं. कमोडोर ६४ वाले (तोही त्या काळचा घरगुती कॉम्प्युटर) म्हणतील आमची सिड ही आवाजाची चिप ऐका, आणि आवाजात ती भारीच आहे हो, पण त्यांना कमोडोरचाच 'डेटासेट' (Datasette) नावाचा खास टेपरेकॉर्डर लागायचा, आपल्याला घरातला साधा टेपरेकॉर्डर चालतो.