मुलांसोबत डोंगर आणि कॅन्यन: आधी परतीची वेळ ठरवा, मग वाट

डोंगर चढताना माणूस दमला की मागे वळतो, आणि उतार त्याला बऱ्यापैकी सुखरूप पायथ्याशी आणून सोडतो. कॅन्यनमध्ये, म्हणजे उंच कातळभिंतींच्या खोल दरीत, सगळं उलटं. आधी नुसता उतार लागतो. मुलं उड्या मारत पुढे पळतात आणि आईवडिलांना वाटतं, आज तळापर्यंत सहज जाऊ. खरा चढ समोर येतो तेव्हा ऊन डोक्यावर असतं, बाटल्या निम्म्या झालेल्या असतात आणि धाकटं 'उचलून घे' म्हणून अडून बसलेलं असतं. म्हणून बेत शेवटाकडून आखायचा: वर परत किती वाजता पोहोचायचं, त्यासाठी मागे कधी वळायचं, आणि तेवढ्या वेळात कुठपर्यंत जाता येईल. ठिकाण सगळ्यात शेवटी ठरतं.

१. वाट निवडणं

किलोमीटर बघून वाट निवडू नका. चढ-उतार किती, सावली कुठे, पाणी कुठे, वाटेच्या कडेला सरळ कडा आहे का, आणि मधूनच मागे फिरता येतं का, हे आधी बघा. जिथून गेलो तिथूनच परत येणारी वाट मुलांसाठी सगळ्यात चांगली, कारण कुठल्याही क्षणी 'बस, इथूनच परत' म्हणता येतं. एका टोकाला शिरून दुसऱ्या टोकाला निघायच्या वाटेवर ही सोय नसते.

उदाहरणच द्यायचं तर अमेरिकेतल्या झायन राष्ट्रीय उद्यानातला 'रिव्हरसाइड वॉक'. जाऊन-येऊन साधारण साडेतीन किलोमीटर, फरसबंद, जवळजवळ सपाट, दोन्ही बाजूंना उंच कातळभिंती आणि शेजारून वाहणारी नदी. कॅन्यनचा सगळा थाट इथे मिळतो. ही वाट संपते तिथून 'द नॅरोज' सुरू होते, म्हणजे नदीच्या पात्रातूनच चालायचं. लहान मुलं बरोबर असतील तर वाट संपली की तुमचा ट्रेकही संपला असं आधीच ठरवून जा. तिथे पोहोचल्यावर ठरवायला बसलात तर पाणी बघून मुलांच्या आधी तुम्हीच विरघळाल.

२. वेळेचं गणित

स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरतात: सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. तो धडधाकट प्रौढांसाठी आहे. मुलं असतील तर येणारं उत्तर सरळ दुप्पट करा.

अमेरिकेतल्याच ग्रँड कॅन्यनच्या ब्राइट एंजल वाटेवर दीड मैलावर एक विश्रांतीचा निवारा आहे. अंतर सुमारे २.४ किलोमीटर, उतार साधारण ३४० मीटर. परतीच्या चढाला नेस्मिथच्या हिशेबाने तासभर लागतो, म्हणजे मुलांसह दोन तास. उतरायला एक तास धरा; खाली जायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ वर यायला लागतो, असं तिथलं उद्यान प्रशासनही सांगतं. उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ चढावर चालू नका, हाही त्यांचाच सल्ला. आता उलटं मोजा. दहाला वर यायचं तर आठला वळायला हवं, अर्धा तास खाणंपिणं, म्हणजे साडेसातला निवाऱ्याशी आणि साडेसहाला वाटेला लागलेलं. सकाळी उशिरा उठणारं कुटुंब असेल तर निवाराही विसरा, पहिल्या काही वळणांवरून परत या. दृश्य तिथूनही तेच दिसतं.

वळायची वेळ घड्याळात गजर लावून ठेवा. 'त्या वळणापर्यंतच जाऊ' या मोहावर याहून चांगला उपाय नाही.

३. सॅक भरणं

पाणी सगळ्यात जास्त. उन्हात चालणाऱ्या प्रौढाला ताशी अर्धा लिटर तरी धरा, कडक उन्हात त्याहून जास्त. मुलांना तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट पाजा. पण नुसतं पाणीच ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं सुरू होतं. खारट खाऊ किंवा ओआरएस सोबत हवंच. वाटेवर नळ आहेत म्हणून बाटल्या कमी घेऊ नका. ते हंगामी असतात आणि बंदही पडतात.

बाकी यादी लहान आहे: टोपी, उबदार थर, पावसाचं जाकीट, माणशी एक हेडटॉर्च, प्रथमोपचार, फोडांसाठी पट्टी, कागदी नकाशा, आणि प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी. नवे बूट त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नका.

बाळाला पाठीवरच्या कॅरिअरमध्ये नेत असाल तर एक गोष्ट सहज निसटते. तुम्ही चालून घामाघूम झालेले असता, पण बाळ न हलता बसलेलं असतं. वाऱ्यात ते तुमच्या आधी गारठतं. स्वतःच्या अंगावरून अंदाज बांधू नका, थांबून त्याच्या मानेला आणि पावलांना हात लावून बघा.

४. निघण्याच्या सकाळी आभाळ बघणं

उंची दर १००० मीटर वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. कॅन्यनमध्ये तळाकडे ते चढतं. ग्रँड कॅन्यनचा तळ कड्यापेक्षा दहा-अकरा अंशांनीही गरम असू शकतो. वर गार वारा लागतोय म्हणून खालीही तसंच असेल, हा समज काढून टाका.

पण अरुंद घळींमध्ये खरा धोका उन्हाचा नाही, लोंढ्याचा. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये अचानक आलेल्या पुरात अकरा पर्यटक गेले. पाऊस वरच्या बाजूला, कित्येक किलोमीटर दूर पडला होता. कातळी मुलखात पाणी जिरत नाही. सगळ्या पाणलोटाचं पाणी त्या एका चिंचोळ्या फटीतूनच वाट काढतं. म्हणून अंदाज बघायचा तो फक्त तुमच्या ठिकाणाचा नाही, वरच्या सगळ्या पाणलोट क्षेत्राचा. चौकीतल्या रेंजरला विचारा आणि तो 'नको' म्हणाला तर वाद घालू नका. वादळाची शक्यता असेल तर अरुंद घळीत मुलांना घेऊन शिरायचंच नाही. याला अपवाद करावा असं मला वाटत नाही.

आत असताना पाणी एकाएकी गढूळ झालं, काड्या-पानं वाहून यायला लागली किंवा वरून घरघर ऐकू आली, तर सामान टाकून लगेच उंचावर चढा. पात्रातून पळून पाण्याला मागे टाकता येत नाही. जोराच्या प्रवाहात १५ सेंटिमीटर पाणीही मोठ्या माणसाचे पाय उखडतं. मुलांना एक खेळही लावून देता येतो: भिंतींच्या फटींत अडकलेले ओंडके शोधायचे. ते डोक्याच्या वर दिसले की पाणी कुठपर्यंत येतं हे वेगळं सांगावं लागत नाही, आणि घळीतून वर चढायच्या जागाही नजरेत राहतात.

डोंगरधारेवर असाल आणि गडगडाट ऐकू आला तर खाली उतरा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

५. चालताना

सगळ्यात हळू चालणाऱ्याचा वेग तोच सगळ्यांचा वेग. एक मोठं माणूस पुढे, एक शेवटी, मुलं मधे. कड्याच्या बाजूला मोठ्याने चालायचं, मूल डोंगराच्या बाजूला. समोरून खेचरं किंवा माणसं आली तरी कुटुंबाने आतल्या अंगाला उभं राहायचं. घसाऱ्यावर पळायचं नाही आणि दगड खाली ढकलायचे नाहीत, कारण खालच्या वळणावर कुणीतरी चालत असतं. फोटोसाठी कड्यावर मागे-मागे सरकणारे बहुधा मोठेच असतात, तेव्हा हा नियम स्वतःलाही लावा.

खारी, पक्षी यांना खाऊ घालू नका. ग्रँड कॅन्यनमधल्या खारी चांगल्याच सोकावल्या आहेत आणि बोटं चावतात.

मूल एकाएकी गप्प झालं, विनाकारण रडायला लागलं, खाऊ नको म्हणालं, अडखळायला लागलं, तर त्याला हट्ट समजू नका. उष्णता, थंडी, पाण्याची कमतरता, सगळ्यांची सुरुवात अशीच दिसते. २५०० मीटरच्या वर असाल तर विरळ हवेचा त्रासही लहान मुलांत असाच दिसतो, आणि त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे खाली उतरणं. मुक्कामी जाणार असाल तर ३००० मीटरच्या वर रोजच्या झोपण्याच्या उंचीत ५०० मीटरपेक्षा जास्त भर घालू नका.

६. कुणी हरवलंच तर

हे निघण्यापूर्वी मुलांना शिकवायचं, आणि भीती न घालता. एकटे पडलात तर जवळचं झाड किंवा मोठा दगड धरून तिथेच थांबायचं. चालत राहिलेलं मूल शोधणाऱ्यांपासून आणखी लांब जातं. थांबून शिट्टी वाजवायची: तीनदा, थोडं थांबून पुन्हा तीनदा. आल्प्समध्ये मिनिटाला सहा शिट्ट्यांची पद्धत आहे, पण लहान मुलाला तीन लक्षात राहतात आणि ऐकणाऱ्याला कळतंही. भडक रंगाचे कपडे घालायला लावा, आणि निघताना प्रत्येक मुलाचा एक फोटो काढून ठेवा. आज अंगात काय होतं हे घाबरलेल्या पालकांना आठवत नाही.

उंच भिंतींच्या मधे फोनला बहुधा रेंज नसते, आभाळाचा तुकडाच दिसत असल्यामुळे जीपीएसही चुकीची जागा दाखवू शकतं, उपग्रहावरून संदेश जायला वेळ लागतो. त्यामुळे वाटेचं नाव, बरोबरची माणसं आणि 'इतक्या वाजेपर्यंत निरोप आला नाही तर बचाव पथकाला कळव' ही वेळ मागे राहिलेल्या कुणाला तरी लिहून द्या. वर पोहोचलात की त्यांना पहिला फोन करा, नाहीतर तुम्ही जेवत असताना तिकडे शोध सुरू झालेला असेल.