बापाकडून लेकरांची खावटी कशी मिळवायची

बाई माहेरी येऊन बसली की बैठक तिच्या नांदण्यावरच रंगते. लेकरांच्या खर्चाचा विषय मागे पडतो, आणि हेच चुकतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार (१ जुलै २०२४ पूर्वीचं कलम १२५) खावटीचा (पोटगीचा) हक्क लेकरांचा स्वतःचा आहे. धर्म कोणताही असो, आईबापाचं लग्न झालेलं असो वा नसो.

म्हणून अर्जात प्रत्येक लेकराचं नाव वेगळं अर्जदार म्हणून घाला, पुढे 'अ. पा. क. आई' (अज्ञान पालनकर्ती आई) लिहा. एकट्या बाईचा अर्ज 'ती विनाकारण निघून गेली' या मुद्द्यावर अडू शकतो. लेकरांना तो मुद्दा लागूच होत नाही. स्टँपपेपरवर 'खावटी मागणार नाही' अशी आईची सही घेतलेली असली तरी लेकरांचा हक्क बुडत नाही.

सासर धारूरचं आणि बाई गंगाखेडला माहेरी राहत असेल, तर अर्ज गंगाखेडच्या कोर्टात चालतो. वकील तालुका विधी सेवा समितीकडून फुकट मिळतो. बाई आणि लेकरांना उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००. सोबत जन्मदाखला, शाळेचा बोनाफाईड, दवाखान्याच्या पावत्या ठेवा.

खरी लढाई बापाच्या कमाईवर होते. 'हाताला काम नाही' हे ठरलेलं उत्तर. मिळकतीचं शपथपत्र दोघांनीही द्यावं लागतं, तेव्हा त्याचा सातबारा आणि ८अ काढा. ऊसतोडीला जात असेल तर मुकादम (टोळी नेणारा) कोण, उचल (आगाऊ रक्कम) किती, पूर्ण कोयत्याची (जोडीची) की अर्ध्या (एकट्याची), हे लिहून द्या. नोटीस बजावताना हीच माहिती कामी येते. हंगामात टोळी फडात असते, गावच्या पत्त्यावरून नोटीस परत येते आणि तारखा वाया जातात. अर्जातच गावासोबत कारखान्याचाही पत्ता टाका.

पहिल्याच तारखेला अंतरिम खावटीचा वेगळा अर्ज द्या. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्याचा निकाल लागावा, असं कायदा सांगतो. मुख्य अर्जात खावटी अर्जाच्या तारखेपासून मागा.

आदेश झाल्यावरही गाफील राहू नका. 'दिवाळीला एकदम देतो' यावर विसंबलात तर रक्कम अडकते, कारण देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही तर वॉरंट निघत नाही. दोन-तीन महिने थकले की अर्ज टाकाच. बाप त्यापायी जेलमध्ये जाऊन आला तरी थकबाकी फिटत नाही.