तंबूत लाइट न्यायची, तर डबा सोबत हवा

मला झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे, म्हणून रात्री सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाने हवा देणारं) लावून झोपतो. आणि आमच्या हिला नि पोरीला दर वर्षी मे संपता संपता भंडारदऱ्याला काजवे बघायला जायचं असतं, तेही तंबूतच राहून. पुण्यात माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे, त्याआधी बारा वर्षं वायरमनकी केली. तेव्हा तंबूपर्यंत लाइट नेणं माझ्याच गळ्यात पडलं. त्यासाठी करंट गळला की लाइट तोडणारा एक डबा मी सोबत नेतो, तो पुढे सांगतो.

आधी एक विचारतो. तुम्हाला लाइट खरंच लागते का? मोबाइलला पॉवर बँक पुरते, उजेडाला बॅटरी पुरते. माझ्या मशीनची हवा ओलसर करणारी वाफ बंद ठेवली तर ते 30-40 वॉट खातं. आठ तासांचे झाले साधारण 300 वॉट-अवर, म्हणजे 500 वॉट-अवरचं पॉवर स्टेशन (उचलून नेता येणारी मोठी बॅटरी) एक रात्र आरामात काढतं. आम्ही राहतो दोन रात्री, आणि ते भरायला शेवटी कुणाच्या तरी घरचाच प्लग शोधावा लागतो. म्हणून मी वायर नेतो. तुमचं काम बॅटरीवर भागत असेल तर पुढचा खटाटोप करूच नका.

जागेवर उजेडी पोचा. तंबू ठोकण्याआधी, जिथून लाइट घ्यायची तो बोर्ड बघा. तिथे तीनांपैकी एक काहीतरी दिसतं. पहिलं, नीट थ्री-पिन सॉकेट. दुसरं, सॉकेटच्या भोकांत उघड्या तारा खुपसून वर काडेपेटीच्या काड्या मारलेल्या. हसू नका, मी दुकानात टॉप (वायरला लावायचा पिनांचा प्लग) विकतो, तरी गिऱ्हाईक काड्या मारतंच. टॉप पन्नास-साठ रुपयांना येतो. दोन जादा ठेवा आणि मालकाला विचारून तिथल्या तिथे लावा. मेन बंद करूनच.

तिसरा प्रकार शेतातला. मोटारीच्या पेटीतून एक फेज उचलायचा, आणि न्यूट्रलच्या जागी जमिनीत ठोकलेली सळई. बल्ब लागतो, म्हणून सगळ्यांना वाटतं जमलं. पण तो सगळा करंट त्या सळईतून मातीत उतरतो. सळई आणि तिच्याभोवतीची ओली जमीन जिवंत होते. जनावर दावं तोडून तिकडे गेलं तर मरतं, आणि आपण तर अनवाणी लघवीला उठणार. अशी लाइट कुणी कितीही आग्रहाने दिली तरी घेऊ नका. वर घाटघरला 250 मेगावॅटचा वीज प्रकल्प, आणि खाली तंबूत सळईवर पेटलेला बल्ब, हा विनोद मला आजवर पचलेला नाही.

सॉकेट बरं दिसलं तरी तपासा. टेस्टरने फक्त फेज कळतो, अर्थिंग कळत नाही. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर मिळतो, खोचला की अर्थिंग तुटलंय का, फेज-न्यूट्रल उलटे आहेत का ते सांगतो. गावाकडे बहुतेक ठिकाणी तिसरं भोक नुसतं शोभेचं निघतं. तसं असेल तर तंबूजवळ स्वतः सळई ठोकून अर्थिंग करायला जाऊ नका. त्यापेक्षा धातूचं अंग असलेली वस्तू लावूच नका: स्टीलची किटली नको, लोखंडी पंखा नको. चार्जर किंवा मशीनच्या अडॅप्टरवर चौकोनात चौकोन अशी खूण आहे का बघा. खूण असलेल्या वस्तूला दुहेरी इन्सुलेशन असतं, ती अर्थिंगशिवाय चालते.

आता डबा. हा मी स्वतः बनवलाय. झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात 25 अँपिअरची दोन पोलची आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइट तोडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरवाली, पुढे 6 अँपिअरची एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच) आणि दोन सॉकेट. आत केबल घुसते तिथे ग्लँड, म्हणजे केबल घट्ट धरणारं बूच. दुकानात लोक 100 किंवा 300 मिलिअँपिअरवाली मागतात. ती आग टाळायला बसवतात, माणूस वाचवायला 30 चीच लागते. आणि आरसीसीबी लोड बघत नाही, ते काम एमसीबीचं. म्हणून दोन्ही हव्यात.

डब्यावरचं टेस्टचं बटण मी रोज संध्याकाळी दाबतो. आरसीसीबी खटकन पडली पाहिजे. नाही पडली तर तो डबा त्या रात्री बाद. पण बटण दाबल्यावर पडली म्हणजे अर्थिंग ठीक, असं समजू नका. बटणाचा अर्थिंगशी काही संबंध नसतो, अर्थिंग नसतानाही ती पडते. फरक इतकाच की, अर्थिंग असेल तर किटलीच्या अंगात करंट उतरताक्षणीच लाइट जाते. नसेल तर कुणीतरी किटलीला हात लावेपर्यंत आरसीसीबीला काही समजत नाही. मग ती पडते खरी, पण झटका तुम्ही खाऊन झालेला असतो.

हा डबा घराच्या टोकाला लावा, तंबूत नाही. घरापासून तंबूपर्यंतची वायरच जास्त धोक्याची असते. तिच्यावरून बैल जातो, खुंटी ठोकताना हातोडा बसतो. डबा मागे असेल तरच ती सांभाळली जाते.

केबलचं ऐका, कारण इथे मी स्वतः शहाणपण विसरलो होतो. रबरी किंवा जाड पीव्हीसीची, तीन कोअर (आत तीन तारा), तांब्याची, दीड एमएम (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर), आणि सलग. मध्ये जोड नको. टेपचा जोड पहिल्या वळवाच्या सरीत पाणी पितो. एका वर्षी दुकानात दीड एमएम संपली होती, म्हणून मी 0.75 ची पन्नास मीटरची गुंडाळी नेली. तंबू जवळच होता, दहा मीटर सोडली आणि बाकी तशीच गुंडाळलेली ठेवली. सकाळी आंघोळीच्या पाण्याला पोरीने बादलीत 1500 वॉटचा रॉड टाकला. रॉड साडेसहा अँपिअर ओढतो. एवढ्या करंटला त्या पन्नास मीटरमध्ये 110 वॉटची उष्णता होते, आणि बहुतेक सगळी गुंडाळीच्या पोटात. शंभराचा बल्ब चादरीत गुंडाळून ठेवल्यासारखं. वास आला तेव्हा आतले थर एकमेकांना चिकटलेले होते. तेव्हापासून केबल पूर्ण सोडतो, उरलेली गवतावर मोठ्या सैल वळणांनी पसरतो, आणि रॉडला घरीच ठेवतो.

लोडचा हिशेब सोपा आहे, वॉटला 230 ने भागा, अँपिअर मिळतात. 6 अँपिअरच्या सॉकेटवर साधारण 1300 वॉट, बस्स. चार्जर, मशीन, टेबल फॅन मिळून दोनशेही होत नाहीत. इंडक्शन 2000 चं असतं, त्याचं नावही काढू नका. चहा मालकाच्या चुलीवर जास्त चांगला होतो.

वायर टाकताना कपडे वाळत घालायच्या तारेवरून, पत्र्यावरून किंवा तंबूच्या लोखंडी दांड्यावरून नेऊ नका. वाळत घातलेला ओला टॉवेल काढताना माणसं गेल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. कडेकडेने, पायवाट टाळून न्या. जिथे टॉप आणि सॉकेट जुळतात ती जागा विटेवर ठेवून वर प्लास्टिकची बादली उलटी घाला. तंबूत शिरण्याआधी वायरला थोडं पोट सोडा, म्हणजे पाणी घरंगळत तिथेच खाली गळेल, आत येणार नाही. आतलं एक्स्टेंशन जमिनीला टेकू देऊ नका, मी ते रिकाम्या डब्यावर उंच ठेवतो.

आधी सगळं जोडून घ्या आणि घरचा टॉप शेवटी लावा. काढताना घरचा टॉप सगळ्यात आधी.

रात्री डब्यातला स्विच पडला तर सगळं काढा, एकदा वर करा, मग एकेक वस्तू लावा. जिच्यावर पडेल ती बाजूला. काहीच न लावता पडत असेल तर केबल भिजली आहे, झोपा अंधारात. डबा बाजूला काढून थेट जोडण्याचा सल्ला कुणीतरी नक्की देतं. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. कुणाला शॉक बसलाच, तर त्याला न धरता आधी घरचं मेन पाडा, मग 108 ला फोन करा. श्वास नसेल तर छाती दाबायला लगेच सुरुवात करा.

गडगडाट सुरू झाला की मी मशीनची पर्वा न करता घरचा टॉप काढतो आणि आम्ही गाडीत जाऊन बसतो. वळवाचा पाऊस तिकडे वीज घेऊनच येतो. आणि जनरेटर किंवा शेगडी तंबूत किंवा त्याच्या दाराशी कधीच नाही. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसला तरी तो माणूस मारतो.

दिव्यांच्या माळा मात्र लावू नका. काजवे हिरड्या-बेहड्यावर, सादड्यावर चमकतात ते एकमेकांना खुणावायला, आणि आपला उजेड त्यात धोंडा घालतो. शेजारच्या तंबूवर एकदा निळी-जांभळी पट्टी लागली होती. तिकडे जाऊन म्हटलं, "दादा, एवढ्या लांबून तुम्ही हेच बघायला आलात का?" त्यांनी बंद केली. पाच मिनिटांत समोरचं झाड पेटल्यासारखं लुकलुकायला लागलं. माझ्या मशीनवरच्या हिरव्या दिव्यावरही मी इन्सुलेशन टेपचा तुकडा लावतो.

सकाळी निघताना केबल पुसून कोरडी करायची, कोपर-अंगठ्यावर पिळून नाही तर सैल वेटोळी करून बांधायची. दोन रात्रींत माझं एक युनिटही धड खर्च होत नाही, तरी मालकाच्या हातात लाइटीचे वेगळे पैसे ठेवतो, आणि काड्या मारलेल्या सॉकेटला लावलेला टॉप तिथेच सोडून येतो.