डीप फ्रीझर आणण्याआधी पॉइंट बघा: या चुका टाळा

रत्नागिरीच्या आसपास मी बरीच वर्षं फ्रिज आणि डीप फ्रीझर दुरुस्त करतोय. आंब्याचा रस, मासे, गणपतीच्या दिवसांत उकडीचे मोदक, यासाठी आता कितीतरी घरांत डीप फ्रीझर आला आहे. त्यावर बायकांचे व्यवसाय उभे राहताना बघून फार बरं वाटतं. पण फ्रीझर घ्यायचा ठरला की घरात चर्चा होते ती तो मावेल कुठे याची. तिथे विजेचा पॉइंट आहे का, त्या पॉइंटला अर्थिंग आहे का, हे कुणी बघत नाही. मग तक्रार येते, मी जातो, मशीन धडधाकट निघतं आणि दोष भिंतीत सापडतो.

एक्स्टेंशन बोर्डावर फ्रीझर

ही चूक बघून बघून मी थकलोय. एका काकूंचा मोदकांचा व्यवसाय. गणपतीला आठ दिवस राहिलेले, 300 लिटरचा फ्रीझर भरलेला आणि फोन आला, ‘दादा, गॅस परत गेला का हो? मोदक मऊ पडलेत.’ त्याआधी दुसऱ्या कुणी रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा भाग) बदलला होता, नंतर गॅसही भरला होता. पैसे दोनदा गेले, फ्रीझर तसाच.

मी पोचलो तेव्हा कॉम्प्रेसर ‘हूंऽऽ’ करायचा आणि ‘टक्’ करून बंद पडायचा. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. फ्रीझर पडवीत होता. माजघरातल्या सॉकेटमधून खिडकीच्या गजांतून आणलेली बारीक वायर, मध्ये टेप गुंडाळलेला एक जोड, टोकाला बोर्ड. नुसतं मोजलं तर त्या बोर्डावर 210 व्होल्ट. कॉम्प्रेसर उठायला लागला त्या क्षणी मोजलं तर 175. बोर्डाचं सॉकेट आतून काळं पडलं होतं.

लोक म्हणतात, ‘फ्रीझर तर दीड अँपिअरच खातो.’ चालू असताना खरं आहे. पण सुरू होताना तो क्षणभर त्याच्या पाच-सहापट करंट ओढतो. तेवढा करंट लांब, बारीक वायरीतून आणि सैल जोडातून येताना व्होल्टेज वाटेतच पडतं. कॉम्प्रेसर फिरत नाही, नुसता तापतो, आणि ओव्हरलोड, म्हणजे त्याच्यावरचं संरक्षक स्विच, त्याला वाचवायला बंद करतो. असं बरेच दिवस चाललं की वाइंडिंग, म्हणजे आतल्या मोटरची गुंडाळलेली तार, जळू शकतं.

काकूंकडे त्याच दिवशी मेन बोर्डापासून 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढली, 16 अँपिअरचं सॉकेट आणि वेगळा एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) बसवला. फ्रीझर पहिल्या झटक्यात उठला. तरीही आदल्या दिवसाचे मोदक फेकावे लागले, त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून माझी सवय झालीय: व्होल्टेज मोजायचं ते मशीन सुरू होतानाच.

स्टॅबिलायझर हा या चुकीवरचा उपाय नाही. व्होल्टेज वाढवून द्यायला तो त्याच बारीक वायरीतून जास्त करंट ओढतो. आधी वायर सुधारा. त्यानंतरही संध्याकाळी गावाचंच व्होल्टेज पडत असेल तर स्टॅबिलायझर घ्या, आणि तीन मिनिटांचा टाइम डिले असलेलाच घ्या, म्हणजे वीज आल्यावर तीन मिनिटं थांबून मग पुढे देणारा.

अर्थिंग ‘आहे ना, तीन पिनचं सॉकेट आहे’

सॉकेटला तीन भोकं असली म्हणजे मागे अर्थची वायर असतेच असं नाही. त्यात आपल्याकडची जमीन जांभ्या दगडाची. एप्रिल-मेमध्ये जमीन वाळली की जुनी अर्थिंग नावापुरती उरते. फेज आणि अर्थमध्ये नुसता मल्टिमीटर धरला तर कमकुवत अर्थिंगही 230 दाखवते, कारण मीटर करंट घेतच नाही. मी तिथे 100 वॉटचा बल्ब लावून बघतो; मिणमिणला तर अर्थिंग कामाची नाही. ही तपासणी वायरमनकडूनच करून घ्या.

सगळ्यात भयंकर म्हणजे अर्थची पिन सॉकेटमध्येच न्यूट्रलला जोडणं. पाच मिनिटांत काम उरकायला काही जण हे करतात. मागे कुठे न्यूट्रल तुटला की फ्रीझरचा सगळा पत्रा 230 व्होल्टवर जातो, आणि ओल्या हातांनी झाकण उघडणारं माणूस घरचंच असतं. असं केलेलं दिसलं की ते काढल्याशिवाय मी मशीनला हात लावत नाही.

आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडतो म्हणून तो बायपास करू नका. गळती शोधा.

आडवा आणलेला फ्रीझर लगेच सुरू करू नका. निदान चार तास उभा राहू द्या, तेल कॉम्प्रेसरमध्ये परत येऊ द्या.

स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर (चौकोनी लहरींची वीज देणाऱ्या साध्या इन्व्हर्टरवर) फ्रीझर नको.

पाण्याची लाइन

साध्या डीप फ्रीझरला पाणी लागत नाही. आपोआप बर्फ करणाऱ्या फ्रिजला लागतं, आणि तिथे सगळे एकच गोष्ट विसरतात: प्रेशर. बहुतेक पुस्तिकांत किमान 20 ते 30 पीएसआय (प्रेशर मोजायचं एकक) मागितलेलं असतं. गच्चीवरची टाकी फ्रिजपासून 15 फूट उंच असेल तर मिळतात जेमतेम साडेसहा. 20 मिळायला टाकी 46 फूट उंच हवी. प्रेशर कमी असलं की ट्रे अर्धवट भरतो. शिवाय व्हॉल्व नीट बसत नाही, थेंब थेंब गळतो आणि नळीच्या तोंडाशी बर्फ धरतो. लोक आइसमेकर बदलतात, खरी गरज छोट्या बूस्टर पंपाची असते. एकमजली घराला मी सरळ सांगतो, हाताने पाणी भरायच्या टाकीचं मॉडेल घ्या.

लाइन घेतलीच तर फ्रिजजवळ हाताला येईल असा वेगळा कॉक हवा, आणि मागे नळीची दोन वेटोळी सैल सोडा, म्हणजे फ्रिज पुढे ओढता येतो. पहिल्या दिवसाचा बर्फ टाकून द्या. त्याला नव्या नळीचा वास असतो.