जुना लॅपटॉप घेताना कोअर असे तपासा

गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकायचं म्हटलं की बहुतेक जण नागपूर-अमरावतीहून जुना लॅपटॉप आणतात. तिथे ‘आय-५ आहे, म्हणजे चार कोअर’ असं सांगितलं जातं (आय-५ हा इंटेलचा प्रोसेसर; कोअर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग). त्यावर मुळीच जाऊ नका. सातव्या पिढीपर्यंतचे, नावाच्या शेवटी ‘यू’ अक्षर असलेले आय-५ दोनच कोअरचे आहेत. या ‘यू’वाल्यांत चार कोअर २०१७ मध्ये आठव्या पिढीपासून आले.

पैसे देण्याआधी दुकानातच बघा:

१. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल.

२. ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘सीपीयू’वर जा. ‘कोअर्स’समोरचा आकडा वाचा, ‘लॉजिकल प्रोसेसर्स’चा नाही. तिथे एकेक कोअर दोन म्हणून मोजला जातो, त्यामुळे दोन कोअरच्या आय-५ लाही ४ दिसतात आणि तेच दाखवून माल खपवला जातो.

३. वर प्रोसेसरचं पूर्ण नाव असतं. ७२००यू म्हणजे सातवी पिढी, ८२५०यू म्हणजे आठवी.

सातबारा, पीक विम्याचा फॉर्म, टायपिंग, प्रिंट एवढंच काम असेल तर दोन कोअर पुष्कळ झाले. वाचलेल्या पैशात एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी बसणारी वेगवान डिस्क) आणि ८ जीबी रॅम टाका, खरा फरक तिथे पडतो. लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचे असतील तर मात्र चार कोअरच घ्या.

एक सांभाळा: चार कोअर दिसले, पण नाव ‘सेलेरॉन एन’ (इंटेलचाच स्वस्तातला प्रोसेसर) असं निघालं, तर भुलू नका. रोजच्या कामात तो सहसा दोन कोअरच्या आय-३ पेक्षाही मंद चालतो.