मार्करच्या बारीक कामावर घर कसं चालवावं

मार्करने चित्रं काढून देण्याची ऑर्डर घेण्याआधी तीन नमुने काढा: एक चेहरा, एक घर, एक पाळीव प्राणी. प्रत्येकाला पेन्सिल, शाई आणि रंग यात किती वेळ गेला ते वहीत लिहा. आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्याचं ए-४ चित्र मला चौदा तास घेतं, त्यातले पाच तर सज्जाच्या कोरीव गजांतच जातात. त्याच आकाराचं फुटाळा तलावावरचं मोकळं आभाळ चार तासांत होतं. म्हणून भाव आकारावर सांगू नका, तासांवर सांगा. ताशी 200 रुपये धरले तर वाड्याचे 2800, वर कागद-मार्करचा खर्च वेगळा. आकडा ऐकून काही जण परत जातील. जाऊ द्या, पण तास कापू नका.

कागद मार्करसाठीचाच, गुळगुळीत घ्या. झेरॉक्सच्या कागदावर रंग फुटतो. खाली एक जास्तीचा कागद ठेवा, रंग आरपार उतरतो. रेघांचं पेन अल्कोहोल मार्करखाली पसरत नाही ना, हे आधी तुकड्यावर बघा. रंग फिकटाकडून गडदाकडे लावत जा. पैठणीचा काठ करताना मी आधी पूर्ण पट्टी फिकट पिवळी करते. ती ओली असतानाच घडीच्या बाजूने हळदी रंग ओढते आणि सुकली की सावलीत तपकिरी टेकवते. जरीचे ठिपके पांढऱ्या जेल पेनने सर्वांत शेवटी. हे ठिपके पडले की काठ एकदम जिवंत होतो, ते बघायला मला आजही तितकंच आवडतं.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि मार्करच्या शाईतलं अल्कोहोल उडून जातं. शेजारचा रंग लावेपर्यंत पहिल्याची कड सुकलेली असते. तेव्हा सकाळी सहा ते दहा काम करा, छोटे छोटे भाग घ्या. कूलरचा झोत कागदावर येऊ देऊ नका. एका उन्हाळ्यात त्या ओल्या हवेने जवळपास पूर्ण झालेल्या एका चेहऱ्याचा कागद लहरी धरून बसला आणि रंग रेघेबाहेर गेला. सगळं पुन्हा काढावं लागलं. दोन टोकांचे मार्कर आडवेच ठेवा.

ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनच पक्की करा: आकार, किती चेहरे, तारीख, आणि बदल फक्त पेन्सिलच्या टप्प्यावर, तेही दोनदाच. निम्मे पैसे यूपीआयने आधी. फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर डोळ्यांतला बारकावा वाटेतच हरवतो.

एक गोष्ट फार थोड्या चित्रकारांना माहीत असते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, कोणी पैसे देऊन चित्र काढून घेतलं आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक ग्राहक ठरतो. पुढे त्याचे प्रिंट विकायचे असतील तर 'कॉपीराइट माझ्याकडे राहील' हे ऑर्डरच्या वेळीच लिहून घ्या.

गिऱ्हाईक कुठून येईल? आधी आपल्याच गल्लीतून. जुनं घर पाडून फ्लॅटस्कीमला देणारी कुटुंबं शोधा. आजीच्या अंगणाचं, तुळशी वृंदावनाचं चित्र त्यांना हवं असतं, आणि तुम्ही उभं राहून पन्नास फोटो काढावेत अशी त्यांचीच इच्छा असते. पोळा-मारबतीच्या आधी पिवळ्या मारबतीची (पोळ्यानंतर मिरवणुकीत निघणाऱ्या पुतळ्याची) छोटी चित्रं तयार ठेवा. चितारओळीत फेरी मारा. तिथले मूर्तिकार डोळे कसे आखतात ते बघून माझ्या चेहऱ्यांचं काम सुधारलं.

चित्र देण्याआधी 600 डीपीआयला स्कॅन करा. मार्करचा रंग उन्हात उडतो, तेव्हा फ्रेम खिडकीसमोर लावू नका आणि उन्हातले अतिनील किरण अडवणारी यूव्ही काच घ्या, हे ग्राहकाला तोंडी सांगा, चिठ्ठीवरही लिहा. बाहेरगावी पाठवताना दोन जाड पुठ्ठ्यांत घालून, प्लास्टिकमध्ये बंद करून द्या. गुंडाळी करू नका, जेल पेनचे ठिपके तडकतात.